कोटवाल्याचा संवाद

दत्ता, त्या कोरियन मालिकेची मला पहिल्या भागापासून शिसारी होती आणि तू गेलास म्हणून ती काही कमी झालेली नाही. सध्या सगळे तुझ्याबद्दल गोड बोलताहेत. तुझा ओमानी मालक, तुझा तो अर्बाब, गॅरेजच्या दारात मला मिठी मारून म्हणाला, दत्ता माझा भाऊ होता. मस्कतच्या मराठी मंडळाच्या ग्रूपवर तुझ्या फोटोखाली इतके हात जोडले गेलेत की तुझा चेहरा शोधायला बोट दुखेपर्यंत वर सरकवावं लागतं. बोलू देत. मी आपलं भांडण पुढे चालवतो. भांडणाच्या मधेच उठून जायची तुझी खोड जुनीच, पण या वेळी कहर केलास.

काय होतं रे त्या मालिकेत? मिठागरात राबणारा एक पोरगा, बारा महिने गळ्यात मफलर. हॉस्पिटलच्या मालकाची एक मुलगी. ती छत्री विसरते, तो परत द्यायला जातो आणि एवढ्या भांडवलावर सोळा भाग! कोरियन नावं आपल्या तोंडात बसेनात, म्हणून तू पोराचं नाव मफलर ठेवलंस, पोरीचं छत्री आणि तिच्या बापाचं कोटवाला. तो बाप घरातसुद्धा लांब काळा कोट घालून जेवायला बसायचा. दर सहा मिनिटांनी बर्फ पडायचा. बर्फ पडला की मफलर जागीच थांबायचा आणि सहा मिनिटांपूर्वी आपण जे बघितलं तेच त्याला सावकाश आठवायचं. आपल्याला ते पुन्हा बघावं लागायचं. बाहेर पंचेचाळीस डिग्री. आत तुझा एसी जुन्या लाँचसारखा धडधडतोय. आणि ज्याच्या एका हाकेला आठ मेकॅनिक हातातलं काम टाकून उभे राहायचे तो वादी कबीरच्या गॅरेजचा फोरमन बनियनवर सोफ्यात रुतून हुंदके देतोय.

"दत्ता, रडतोस की काय?"

"रडतंय खय? एसीचो वारो डोळ्यात जाता. तू गप ऱ्हव आणि वाच."

वाचणं हेच माझं काम. तुला इंग्रजी येत नव्हतं असं मुळीच नाही. स्पेअर पार्टचे कॅटलॉग तू पेपरासारखे वाचायचास. पण पडद्याखालच्या त्या ओळी तुझ्या हाती लागायच्या आत पळून जायच्या. माझी बायको मुलांच्या कॉलेजसाठी पुण्यात, त्यामुळे माझं शुक्रवारचं जेवण अल हैलला तुझ्या घरी ठरलेलं. सुनंदावहिनींच्या हातची सुरमई जिरायच्या आत तू मला टीव्हीसमोर बसवायचास आणि मी त्या ओळी मराठीत मोठ्याने म्हणायचो. नुसत्या म्हणेन तर मी कसला! मस्कतच्या मंडळात वीस वर्षं नाटकं केलेला माणूस. मफलरला कापरा आवाज, छत्रीला नाकातला. कोटवाला मात्र पोटातून, सावकाश, एकेक शब्द तबकात ठेवल्यासारखा. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "भावोजी, त्या कोटवाल्याचा आणि एकदा म्हणा, भांड्यांच्या आवाजात ऐकूक गेला नाय!" मी म्हणायचो. दुसऱ्यांदा आणखी जोरात म्हणायचो. मालिकेची किळस आणि स्वतःच्या आवाजाचं कौतुक, दोन्ही माझ्यात सुखाने नांदत होती.

आपलं भांडण व्हायचं ते मालिकेतल्या फोनवरून. मफलरचा फोन वाजायचा, पडद्यावर छत्रीचं नाव यायचं आणि हा गाढव फोनकडे नुसता बघत बसायचा. मग छत्री तिकडे फोनकडे बघत बसायची. मी उशी फेकायचो.

"एक फोन, दत्ता! एक फोन केला तर ही मालिका तिसऱ्या भागात संपते. मग आपण दोघं माणसांसारखे झोपू."

"तुका काय कळता? दुखावलेलो माणूस फोन करणा नाय. तो वाट बघता."

"कसली वाट? मूर्ख आहेत दोघं."

"शरद्या, तू नाटकात काम करतस आणि तुका एवढा कळणा नाय?"

मला खरंच कळत नव्हतं. आज कळतं आणि ते तुला सांगायला तू नाहीस, याचा मला भयंकर राग येतो.

आता तो सातवा भाग. तू त्याचं नाव पुन्हा कधी काढलं नाहीस, पण आता मी काढणार. कोटवाला मिठागरावर जातो आणि मफलरला सांगतो, माझ्या मुलीचं लग्न ठरलंय, तिनेच होकार दिलाय. मग घरी येऊन मुलीला सांगतो, तो पोरगा स्वतःहून निघून गेला. तू सोफ्यावरून उठून उभा राहिलास. "हो बापूस नाय रे, कसाई आसा! ह्याच्या तोंडात कोण तरी मीठ कोंबा!" वहिनींना बाहेर यावं लागलं.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी तू मला खाली गाडीपर्यंत सोडायला आलास. रूपाचं कळलं होतं तुला. तुझी एकुलती एक मुलगी रूपाली आणि माझ्या ऑफिसातला संकेत यांचं जुळलं होतं. अल् खुवैरच्या आमच्या ऑफिसात माझ्या समोरच्याच टेबलावर बसणारा, नागपूरकडचा, बौद्ध घरातला, कामात चोख आणि स्वभावाने इतका सरळ की मी त्याची थट्टा केलेलीही त्याला दुसऱ्या दिवशी कळायची. बुद्धपौर्णिमेला आपण दोघं त्याच्या फ्लॅटवर गेलो होतो. तू खिरीच्या दोन वाट्या मागून घेतल्यास आणि वर म्हणालास, असो पोरगो गावूक नशीब लागता.

गाडीपाशी तू म्हणालास, "पोरगो चांगलो आसा. पण गावात मी काय सांगू?"

मी काही बोललो नाही. या गप्प बसण्याचा मला आज सगळ्यात जास्त वीट येतो. आपण स्वतःला फार मोठ्या मनाचे समजायचो, दत्ता. कुणाच्याही घरी जेवायचो, कुणाच्याही पोराच्या बारशाला जायचो, आणि हे सगळं नेमकं आपल्या दाराच्या उंबऱ्यापर्यंतच टिकायचं.

मग तू म्हणालास, "तू त्या कोटवाल्यासारखा सांग ना त्याका. तुझा तो ऐकता."

ज्या माणसाला तू तासाभरापूर्वी कसाई म्हणालास त्याचीच युक्ती! दुसरा कुणी असता तर मी त्याच्या तोंडावर हसलो असतो. तुझ्या बाबतीत लोक म्हणतील, शरद नाही म्हणू शकला नाही. माझ्या पाठीचा मणका सरकला तेव्हा तीन आठवडे तू रोज दुपारी गॅरेजातून येऊन मला उचलून न्हाणीघरात नेलंस, माझी पाठ घासलीस आणि वर "किती जड रे तू, डिझेल भरलंस काय" म्हणून मला हसवलंस. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण त्यामुळे मी तुझं ऐकलं, हे खोटं आहे. मी ऐकलं कारण भूमिका चांगली होती.

रविवारी ऑफिस सुटल्यावर मी संकेतला गाडीत बसवलं. कॉफी शॉपसमोर हॉर्न वाजवला, कडक चहाचे दोन कप खिडकीतून आत आले आणि मी सुरू केलं. पोटातून, सावकाश.

"रूपालीचं लग्न ठरलंय. कुडाळचा मुलगा आहे. तिला सुखी बघायचं असेल तर तिला शोधू नकोस. तिचं नाव घेऊ नकोस. तुझ्या गप्प राहण्यातच तिचा मान आहे."

मालिकेत लग्नाच्या ओळीपुढे पडद्याखाली फक्त एवढंच होतं की तिला विसर. बाकीचं सगळं मी घातलेलं. सुख, मान, गप्प राहणं, सगळं शुक्रवारी वहिनींसाठी दुसऱ्यांदा म्हणताना सुचलेलं.

संकेतने विचारलं, "सर, ती स्वतः हो म्हणाली?"

"हो."

"तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोर."

तो कप गोल गोल फिरवत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे, सर. तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर..." वाक्य त्याने पूर्ण केलं नाही. दोन आठवड्यांत त्याने दुकमच्या साइटवर बदली मागून घेतली. सहा तासांची वाळू पार केल्यावर येतं ते दुकम. कुणी आपणहून तिथली बदली मागत नाही.

तू तुझी बाजू सांभाळलीस. रूपाला सांगितलंस, त्याच्या घरच्यांनी दबाव आणला, पोरगा घाबरून पळाला. ती माझ्याकडे आली. "काका, खरंच?" मी मान खाली घातली आणि तीन-चार सेकंद तशीच ठेवली. रंगमंचावर ही जागा नेहमी टाळी घेते. रूपाने टाळी वाजवली नाही, ती चपला घालून निघून गेली आणि दोन महिन्यांत पुण्याला नोकरी धरली.

दोघांच्या हातात फोन होता, दत्ता. दोघांना एकमेकांचा नंबर पाठ होता. कुणी केला नाही. तू भांडण जिंकलास.

त्यानंतर मालिका बंद. "कंटाळो इलो," म्हणालास आणि आपण क्रिकेट बघायला लागलो. मला बरंच वाटलं. बर्फापासून सुटका झाली असं मी चारचौघांत सांगायचो आणि लोक हसायचे. तू हसायचा नाहीस, ते माझ्या लक्षात यायचं आणि मी पुढचा विनोद करायचो.

तीन वर्षांनी, या रमजानात ऑफिसं दुपारीच सुटायला लागली आणि तू मला बोलावून म्हणालास, "ती कोरियावाली लाव. सोडली थयसून." मी आकांडतांडव केलं. माझं वय सांगितलं, ब्लड प्रेशर सांगितलं. तू रिमोट माझ्या मांडीवर ठेवलास. आठवा भाग, नववा, दहावा. रोज एक. तू आता रडत नव्हतास. शिव्याही देत नव्हतास. कॅटलॉग वाचताना बसायचास तसा पुढे वाकून बसायचास. वहिनी दोनदा म्हणाल्या, "ह्यांका बरा नाय काय?" मी म्हटलं, मालिकाच तशी आहे, कुणालाही बरं वाटणार नाही.

चौदाव्या भागात हॉस्पिटलच्या बाकावर कोटवाला मुलीशेजारी बसतो. पहिल्यांदाच त्याच्या अंगात कोट नसतो, नुसता स्वेटर. तो म्हणतो, "मी त्याला खोटं सांगितलं. तुलाही. मी घाबरलो होतो." ओळ तेवढीच होती. मी तिच्यात काही घातलं नाही.

"परत वाच," तू म्हणालास.

वाचलं.

"आणि एकदा."

तिसऱ्यांदा वाचल्यावर तू टीव्ही बंद केलास. एसीचा आवाज एकदम मोठा झाला. "शरद्या, रूपाक सगळा सांगूक होया. गणपतीक ती गावाक येतली, तेव्हा सांगतंय."

आणि मी, दत्ता, मी काय केलं? मी हसलो. "सोड रे. तीन वर्षं झाली. संकेतचं लग्न झालंय मागच्या वर्षी. आता सांगून कुणाचं भलं होणार आहे? खलास." किती समजूतदार आवाज काढला होता मी! तू रिमोट टीपॉयवर ठेवलास. मग म्हणालास, "तू म्हणतस तसा." त्यानंतर शेवटचे दोन भाग बघायचे राहिले आणि बाकीचं सगळंही राहिलं, कारण गणपतीपर्यंत तू थांबला नाहीस.

मला तुझी काळजी नव्हती. रूपाचीही नव्हती. सगळं कळल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल, एवढीच माझी काळजी होती.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी रूपा पुण्याहून आली. तुला गावी न्यायचे कागद होईपर्यंत चार दिवस लागले. हॉस्पिटल, पोलीस, दूतावास, विमानकंपनी, सगळीकडे मी धावलो. धावायला मिळालं की बोलावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनींना गोळी देऊन झोपवलं होतं. रूपा जेवणाच्या टेबलावर तुझा पासपोर्ट आणि रेसिडेंट कार्ड एका फोल्डरमध्ये लावत होती. तिचं मराठी तुला माहीतच आहे, इथल्या इंग्रजी शाळेत अर्धवट राहिलं ते तसंच राहिलं.

"काका, बाबांना माझा राग होता?"

"नाही गं. असं का विचारतेस?"

"तीन वर्षं ते फोनवर फक्त वेदर विचारायचे. पुण्यात पाऊस आहे का, थंडी आहे का. बस. मी म्हणायची, बाबा, समथिंग एल्स बोला. मग ते फोन आईला द्यायचे. आय थॉट, संकेतने सोडलं म्हणून त्यांना माझी लाज वाटते."

तू तिला हवामान विचारत होतास, दत्ता. तीन वर्षं. आणि तिने त्याचा हा अर्थ लावून घेतला होता.

मी सांगितलं. गाडी, चहा, कुडाळचा नसलेला मुलगा, माझी खाली घातलेली मान. आवाज कुठून काढायचा ते सुचेना, त्यामुळे कसातरीच निघत होता. ती फोल्डरची झिप उघडत होती, लावत होती. संपल्यावर तिने एकच विचारलं.

"बाबांना नंतर वाईट वाटलं?"

इथे मी सुटू शकत होतो. हो म्हटलं असतं, तुझे डोळे, तुझं टीव्ही बंद करणं रंगवून सांगितलं असतं, तर आम्ही दोघं मिळून रडलो असतो आणि मी तिचा शरदकाका राहिलो असतो. सगळं तुझ्यावर टाकता येत होतं. तू काही उठून बोलणार नव्हतास.

मी म्हटलं, "त्याला तुला सगळं सांगायचं होतं. रमजानात म्हणाला होता. मी सांगू दिलं नाही."

"का?"

"तू माझ्याशी बोलणं बंद केलं असतंस म्हणून."

ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याच्या पाइपचा आवाज येत होता.

"संकेतला कोण सांगणार?"

"त्याचं लग्न झालंय, रूपा."

"माहितीये. मी फोटो बघितले. तरी त्याला कळलं पाहिजे की मी हो म्हटलं नव्हतं. तुम्ही सांगा. आणि फोनवर नाही." मग ती माझ्याकडे वळली. "आणि काका, गावी येऊ नका, प्लीज. मला तिथे बाबांसाठी रडायचंय. तुम्ही असलात तर मला फक्त तुमचा राग येत राहील."

माझं तिकीट काढलेलं होतं. मी ते तिच्यासमोरच रद्द केलं. विमानतळावर मालाच्या गेटपाशी शेवटच्या कागदावर सही केली आणि तुझ्या पेटीला बाहेरूनच हात लावला. तिथल्या माणसाने विचारलं, "भाई?" मी हो म्हटलं. तेवढं एक खोटं मी त्या कबुलीनंतरही बोललो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

शुक्रवारी दुकमला गेलो. वाटेत उंट आडवे आले, टायर बसला, आणि जॅक लावताना तू नसल्यामुळे मला रडू आलं, हे सांगून ठेवतो. संकेत साइटच्या गेटवर आला. थोडा जाड झालाय. गाडीतच बसलो. मी सांगत होतो आणि तो हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होता. मधेच त्याचा फोन वाजला. बायको होती. त्याने पहिल्या रिंगला उचलला, "हो, येतोच," म्हणाला आणि फोन खिशात ठेवून म्हणाला, "बोला, सर."

बोलून झालं. तो शिव्या देईल म्हणून मी तयार होतो. शिव्यांना मी उत्तर देऊ शकलो असतो. त्याने दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही फार चांगलं बोलला होतात, सर. मला वाटलं, एवढं मनापासून कुणी खोटं बोलू शकणार नाही."

वीस वर्षांत माझ्या कामाला मिळालेली ही सगळ्यात मोठी पावती. हे ऐकून तू सोफ्यावर लोळून हसला असतास आणि मग एकदम गप्प झाला असतास.

काल वहिनींचा गावाहून फोन आला. "भावोजी, रूपान अग्नी दिल्यान. लोक कायबाय बोलत होते, तिना कोणाचाच ऐकूक नाय. सगळो वेळ बाबा, बाबा करत होता माझा चेडू. पण तुम्ही कित्याक नाय इलात?"

त्यांना रूपाने अजून काही सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "तब्येत बरी नव्हती, वहिनी." मग म्हटलं, "नाही, तसं नाही. रूपाला विचारा. ती सांगेल ते सगळं खरं असेल."

पोरगी तुझ्यासाठी पोटभर रडली, दत्ता. तिचा तुझ्यावर राग उरलेला नाही. तो सगळा माझ्यावर आहे आणि या वेळी मी तिची समजूत काढायला जाणार नाही.